रेघेबाहेरून

तात्या रणदिव्यांना त्यांच्याच मैदानावर, त्यांच्या डोळ्यांदेखत हरवायचं, हे पौर्णिमा ओव्हाळनं शाळेत असतानाच ठरवलं होतं. आता तिची चाळिशी उलटली होती, खालापूरच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, आणि ठरवलेलं ती विसरली नव्हती. राग काळानं निवतो म्हणतात. पौर्णिमाचा निवला नाही, कारण तिनं तो निवू दिला नाही.

तिचे वडील कमळाकर रेल्वेत गँगमन होते. कर्जतच्या पुढं घाटात ठाकुरवाडीला त्यांना खोली मिळाली होती. दारात वीतभर अंगण आणि अंगणाला लागून दरी. पोरीला शाळेत बास्केटबॉलचं वेड लागलंय म्हटल्यावर कमळाकरांनी एका जुन्या पिंपाचं लोखंडी कडं खांबाला ठोकून दिलं. तिथं पळायला जागाच नव्हती. चेंडू आपटत न्यावा तर दगडाला लागून कुठंही उडायचा. मग ती अंगणाच्या एका टोकाला उभी राहायची आणि दुसऱ्या टोकाच्या कड्यात चेंडू टाकायची. नेम चुकला की चेंडू खाली दरीत, आणि तो शोधायला करवंदीच्या जाळ्यांत शिरून हातपाय ओरबाडून घ्यायचे. दोन पावसाळ्यांत तिचा नेम चुकेनासा झाला.

कर्जतच्या शाळेत तेव्हा तात्या रणदिवे खेळ शिकवत. गावातलं जुनं घराणं, वडील वकील, काका डॉक्टर. तात्यांचा शब्द मैदानावर आणि मैदानाबाहेरही चाले. ते शिकवत तो खेळ त्या काळी बहुतेक शाळांचा खेळ होता. चेंडू सावकाश पुढं आणायचा, या हातातून त्या हातात फिरवायचा, आणि रिंगखाली पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सगळ्यांत उंच मुलीकडं द्यायचा. ती वळणार, बोर्डवर टेकवणार, दोन गुण. बाकीच्या चौघींचं काम तिच्यापर्यंत चेंडू पोचवण्याचं. मैदानावर फक्कीनं तीन गुणांची रेघ आखलेली असे, पण ती नियमात आहे म्हणून. तिच्याबाहेरून चेंडू टाकणं म्हणजे आगाऊपणा.

पौर्णिमा बाहेरूनच टाकायची.

"ओव्हाळ! आत पास दे म्हणून सांगितलं होतं ना?"

"सर, पण गेला ना आत."

"गेला म्हणजे बरोबर होत नाही."

दर दोन दिवसांनी हे व्हायचं. पण ती टाकायची आणि चेंडू जायचा. त्यामुळे तात्यांनी कुरकुरत का होईना, तिला संघात ठेवलं होतं. अलिबागला जिल्ह्याचे सामने होते तेव्हा कमळाकर रजा टाकून, धुवट सदरा घालून सामना बघायला आले होते. संघ मैदानात उतरून हात मोकळे करत होता. पौर्णिमानं रेघेबाहेरून पाचसहा चेंडू टाकले, सगळे गेले. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी तिला बोलावून घेतलं.

"दगड मारून आंबे पाडायच्या सवयी घरी ठेवून यायच्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हा डोक्याचा खेळ आहे. तुमच्याकडं कसं खेळतात ते मला दाखवू नकोस. जर्सी काढ आणि सुचेताला दे."

सुचेता त्यांची पुतणी. उंच होती, गरीब स्वभावाची होती, आणि राखीव म्हणून आली होती. जर्सी मोजक्याच होत्या. पौर्णिमानं तिथंच, मैदानाच्या कडेला, शाळेच्या ब्लाउजवर घातलेली जर्सी डोक्यावरून काढली आणि सुचेताच्या हातात दिली. मग ती पायरीवर जाऊन बसली. समोरच्या पायरीवर तिचे वडील होते. त्यांनी सामना संपेपर्यंत मान वर केली नाही. घरी येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "राहू दे गं. मोठी माणसं हायेत."

तात्यांना माफ करायची वेळ कधी आलीच असती, तर या एका वाक्यामुळं ती आली नाही.

पौर्णिमा शिकली, खेळाचीच पदवी घेतली, आणि खालापूरला नोकरीला लागली. शाळेच्या मैदानावर टोलनाक्याकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसभर यायचा. तिथं उभं राहून तिनं सगळा खेळ बदलताना पाहिला. आधी मुली पळायला लागल्या. तात्यांच्या काळचं ते संथ, पाहुण्यांत पान फिरवावं तसं चेंडू फिरवणं गेलं. बोर्डवरून परतलेला चेंडू हाती लागला की सुसाट सुटायचं, समोरच्या संघानं वळेपर्यंत बास्केट. मग घरोघरी मोबाइल आले. पोरी त्यात परदेशातले सामने बघू लागल्या, एका हातानं, मनगट झटकून, लांबून चेंडू सोडू लागल्या. दोनापेक्षा तीन जास्त, हा हिशोब कुणाला शिकवावा लागला नाही. उंच पोरींना कुणी विचारीना. पूर्वी जिला संघात देवीसारखं मधोमध उभं केलं असतं, तिला आता कोपऱ्यात उभं करून सांगत, मधे येऊ नकोस.

प्रत्येक बदल बघून पौर्णिमा मनात म्हणे, बघा तात्या. आता बघा.

तिला हवी होती ती मुलगी मेघाच्या रूपानं मिळाली. मेघा आठवीतली, खालापूरचीच. वडील रत्नदीप टेंपो चालवायचे. काटकुळी, काळीसावळी, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारी. पण रेघेबाहेर उभी राहिली की ती रिंगकडं असं बघायची, जणू तिचं काहीतरी तिथं राहिलंय आणि तिला ते परत हवंय. पौर्णिमानं तिला रोज सकाळी शाळेआधी बोलावलं. चेंडू आणून देणं, पुन्हा टाकायला लावणं. बाकीच्या मुलींनाही बाहेरूनच टाकायला शिकवलं. रिंगखाली घुटमळेल तिला मैदानाला फेरी. फक्त जनी नावाची एक उंच, लाजरी मुलगी होती, तिला लांबून जमेना. तिला पौर्णिमा मोकळ्या वेळात जुना खेळ खेळू द्यायची. पाठ रिंगकडं, चेंडू वर, वळायचं, बोर्डवर टेकवायचं. तो पौर्णिमाला सगळाच येत होता. वर्षानुवर्षं बघितला होता.

"मॅडम, तुमी एवढं मनावर का घेता?" एकदा मेघानं विचारलं.

"एका माणसाला दाखवायचंय."

"काय?"

"तू टाक. तेच."

त्या वर्षी जिल्ह्याचे सामने कर्जतला होते, त्याच शाळेत. खालापूरच्या पोरी अंतिम सामन्यापर्यंत सहज आल्या. समोर यजमान कर्जतचा संघ. त्यांचा प्रशिक्षक गंधार, सुचेताचा मुलगा, जेमतेम पंचविशीचा. मांडवात पहिल्या रांगेत तात्या. पंचाहत्तरी ओलांडलेले, पण ताठ. अंगात पांढरा झब्बा, गळ्यात आयोजकांनी घातलेला हार. पौर्णिमा त्यांच्या समोरून गेली. त्यांनी ओळख दाखवली नाही. तिला ते बरंच वाटलं. ओळख नंतर पटवायची होती.

मग तिनं कर्जतच्या मुली हात मोकळे करताना पाहिल्या, आणि चालता चालता ती थांबली. पाचही जणी रेघेबाहेर उभ्या होत्या. एका हातानं, मनगट झटकून, चेंडूमागून चेंडू टाकत होत्या. रिंगखाली कुणीच नव्हतं.

सामन्याआधी तात्यांच्या हातात माइक दिला गेला.

"आज जो खेळ तुम्ही पाहणार आहात," ते म्हणाले, "तो या मैदानाला नवा नाही. मी नव्वद सालापासून मुलांना सांगत आलोय, बास्केटबॉल म्हणजे लांबचा नेम. तेव्हा लोक हसले मला. आज सगळं जग तेच खेळतंय."

टाळ्या पडल्या. पौर्णिमा बाकावर बसून होती. तिचे कान तापले. ज्या गोष्टीसाठी तिची जर्सी उतरवली, ती गोष्ट हा माणूस आपल्या नावावर सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांतलं कुणीही ते खोटं आहे म्हणत नव्हतं.

पहिला अर्धा सामना कर्जतनं आपल्याकडं ठेवला. गंधारनं आपल्या मुलींना या खेळाचा बंदोबस्तही शिकवला होता. खालापूरच्या मुली रेघेपाशी आल्या की समोर हात उभे. बाकीच्यांचे चेंडू जाईनात. एकट्या मेघाचे जात होते. दोन हातांच्या फटीतून, तोल जाता जाता, तिनं तीनदा टाकला आणि तिन्ही वेळा जाळी हलली. तिच्यामुळं फरक थोडाच राहिला होता. तिसऱ्या वेळी तात्यांनी मांडवातून हात वर करून दाद दिली.

"वा! याला म्हणतात खेळ!"

ते पौर्णिमानं ऐकलं. आणि तिला कळलं, की मेघाच्या हातून ती जिंकली तर जिंकणार तात्याच. ते उठून म्हणतील, बघा, मी सांगत होतो.

मध्यंतरात मुली धापा टाकत भोवती जमल्या.

"जनी, तू उतर. रिंगखाली उभी राहा, रिंगकडं पाठ करून. त्यांच्यात तिथं कुणी नाही, सगळ्या बाहेर पळतायत. बाकीच्यांनी टाकायचं नाही. चेंडू फिरवायचा आणि जनीला द्यायचा. बाहेरून एकीनंही टाकलं तर मी तिला बाहेर काढीन."

"आणि मी?" मेघानं विचारलं.

"तू बस."

मेघाला वाटलं, मॅडम चुकून बोलल्या. "मॅडम, माझे तर जातायत."

"जातायत म्हणून बरोबर होत नाही. बस म्हटलं ना."

बोलल्यावर क्षणभर तिच्या तोंडाला कडवट चव आली. पण पंचांची शिट्टी वाजली आणि तिनं मेघाकडं पाठ फिरवली.

पुढं जे झालं ते कर्जतच्या नव्या पोरींनी कधी पाहिलंच नव्हतं. खालापूरच्या मुली चेंडू सावकाश आणायच्या, फिरवायच्या, फिरवायच्या, आणि उंच पास जनीकडं. जनी वळायची, टेकवायची. दोन गुण. पुन्हा तेच. तिला अडवायचं कसं हे कर्जतच्या पाचांतल्या एकीलाही माहीत नव्हतं, कारण रिंगखाली उभं राहायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. गंधार ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. पौर्णिमा सामना बघत नव्हती. ती तात्यांकडं बघत होती. त्यांचाच खेळ, त्यांच्या हातची चाल, त्यांनी टाकून दिलेली, त्यांच्याच शाळेला चावत होती. जनीच्या प्रत्येक बास्केटला तात्यांच्या कपाळावरची एक शीर उडे आणि पौर्णिमाच्या छातीत गारवा पडे. एवढी वर्षं तिनं ज्याची चव कल्पनेत घेतली होती, ते खरोखरच गोड होतं. मेघाला परत उतरवायला वाव होता. शेवटी शेवटी तर सामना हातात आला होता. पौर्णिमानं उतरवलं नाही.

खालापूर जिंकलं. बक्षीस द्यायला तात्या उभे राहिले, आणि ढाल हातात घेऊन हसले.

"ही ओव्हाळ! माझीच विद्यार्थिनी," ते माइकवर म्हणाले. "आज उत्तरार्धात पाहिलात तो शास्त्रशुद्ध खेळ याच मैदानावर मीच तिला शिकवला. घरची विद्या घरावर उलटली म्हणायची! पण विद्या आपलीच."

मांडव हसला. पौर्णिमा पुढं गेली, ढाल घेतली नाही, माइक घेतला.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "सरांनी मला शिकवलं हे खरंय. मी याच शाळेत लांबून चेंडू टाकायचे. त्यावर सरांनी अलिबागला भर मैदानात माझी जर्सी उतरवून घेतली. माझ्या वडिलांसमोर. म्हणाले, दगड मारून आंबे पाडायच्या सवयी घरी ठेव. तुमच्याकडं कसं खेळतात ते दाखवू नकोस. 'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं, ते सरांनी आज सांगावं. नव्वद सालापासून लांबचा नेम शिकवत होते ना? मग मला का बसवलं?"

तात्या म्हणाले, "एवढ्या वर्षांपूर्वीचं मला काही आठवत नाही. आणि तूही हे धरून बसावंस..."

"तुम्हाला कसं आठवेल? जर्सी तुमची उतरली नव्हती."

"खोटं बोलतेयस तू."

तेव्हा मागच्या रांगेतून सुचेता उठली. केस पिकलेले, हातात मुलाची पाण्याची बाटली. "तात्या, खरंय ते," ती म्हणाली. "ती जर्सी मीच घातली होती. तिच्या घामानं ओली होती."

तात्या खाली बसले. त्यांच्याकडं कुणी बघेना, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. ढाल शेवटी आयोजकांपैकी कुणीतरी दिली. पौर्णिमाला वाटलं होतं, त्या क्षणी डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

परतीच्या टेंपोत मुली गात होत्या. मेघा मागं, चेंडूंच्या पोत्याला टेकून बसली होती. चौक फाटा गेल्यावर पौर्णिमा तिच्याजवळ सरकली.

"मेघा, रागावलीस?"

"तुमी भाषणात सांगितलं ते ऐकलं मी," मेघा म्हणाली. "तुमाला बसवलं म्हणून तुमी एवढी वरसं जळत होता."

"हो."

"मग मला का बसवलं?"

पौर्णिमाकडं उत्तर होतं. पण ते एवढ्याशा मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. "पुढच्या वेळी तूच खेळशील," ती म्हणाली.

"मी तुमच्यासारखी वाट नाय बघत बसनार," मेघा म्हणाली, आणि तोंड फिरवून बाहेर बघू लागली.

जूनमध्ये रत्नदीप दाखला न्यायला शाळेत आले. मेघा दहिवलीला आत्याकडं राहून कर्जतला शिकणार होती.

"तिला समजवा जरा," पौर्णिमा म्हणाली. "मी तिला पहिल्या दिवसापासून..."

"मॅडम, म्या लय समजवलं. ऐकत नाय. म्हनते, त्या गंधार सरांनी मला सामन्यानंतर इचारलं, तुला बाहेर का ठेवलं गं? म्हनते, इचारलं तरी कुनीतरी." रत्नदीप कसनुसे हसले. "पोर हाय. तुमी मनाला लावून घेऊ नका."

पुढच्या वर्षीचे सामने खालापूरला झाले, पौर्णिमाच्या मैदानावर. तिनं फक्की स्वतः मारली. तात्या आले नव्हते. ते आता कुठंच जात नाहीत, असं सुचेतानं सांगितलं. ते ऐकून पौर्णिमाला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण तेवढ्यात कर्जतचा संघ मैदानात आला आणि तिला मेघा दिसली. वर्षभरात वाढली होती. केस कापले होते. तिनं खालापूरच्या बाकाकडं एकदा पाहिलं आणि रेघेच्या दोन पावलं मागं जाऊन उभी राहिली.

पौर्णिमानं जनीला खाली उभं केलं होतं, पण गंधार शिकला होता. यंदा जनीला दोघी चिकटल्या. आणि दुसऱ्या बाजूला मेघानं टाकायला सुरुवात केली. डावीकडून. उजवीकडून. समोरून, एवढ्या लांबून की पंचांनीही क्षणभर हात वर करायला उशीर केला. प्रत्येक चेंडू गेल्यावर ती वळायची आणि मागं धावत जाताना पौर्णिमाच्या बाकासमोरून जायची. वाकडी वाट करून. हसायची नाही, बोलायची नाही, फक्त बघायची. ती नजर पौर्णिमाला चांगली ओळखीची होती. तिनं दोघींना मेघावर सोडलं, मग तिघींना. मेघा तिघींच्या डोक्यावरून टाकत राहिली.

सामना हरल्यावर खालापूरचे मुख्याध्यापक मोठ्या मनानं पुढं आले. "अहो, मेघा तर आपल्याच शाळेची! ओव्हाळ मॅडमनीच घडवलेली. मॅडम, बोला ना दोन शब्द."

मेघा तिथंच होती, टॉवेलनं मान पुसत. पौर्णिमानं माइक घेतला.

"मी हिला रोज सकाळी सराव दिला," ती म्हणाली. "आणि सगळ्यांत मोठ्या सामन्यात हिला बसवलं. ती चांगली खेळत होती तरी. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता, आणि त्यात ही मधे येत होती. आज हिनं माझा घेतला. हिला मी घडवलं, असं मी म्हणणार नाही."

गंधारनं खाली बघितलं. पौर्णिमा माइक ठेवून मेघाजवळ गेली.

"मेघा..."

"ऐकलं मी," मेघा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "तुमी बोललात ते बरं केलं. पन मला अजून नाय बरं वाटत. पुडल्या वरशी बी मी येनार हाय."

"ये," पौर्णिमा म्हणाली.

मेघानं टॉवेल पिशवीत कोंबला आणि ती आपल्या संघाच्या टेंपोकडं निघून गेली. पौर्णिमानं खालापूरच्या मुलींना मैदानात परत बोलावलं. ऊन अजून होतं. तिनं चेंडू आणायला सांगितले आणि जनीला रिंगखालून रेघेबाहेर बोलावलं.

"ती पुढच्या वर्षी पुन्हा येतेय," ती म्हणाली. "चला, उभ्या राहा."